हरणाचा एकांत

मोहोळहून सीना नदी ओलांडून नान्नजच्या दिशेनें निघालें म्हणजे काळ्या जमिनीचीं शेतें मधूनमधून तुटतात आणि मुरमाड माळ लागतो. माळ उघडा, किंचित् उतरता. त्यावर कुसळी, पवन्या, मारवेल असलीं गवतें, एखादें हिवराचें झुडूप, एखादी बोरीची जाळी, आणि वर अफाट आकाश. पाऊस वर्षाकांठीं वीस-पंचवीस इंच आणि तोहि लहरी. नवख्या प्रवाशाला येथें पाहण्यासारखें कांहींच दिसत नाहीं. कागदोपत्रीं अशा जमिनीला 'पडीक' म्हणण्याची चाल आहे. परंतु थंडीच्या दिवसांत, सूर्य कासराभर वर आला असतां, त्याच पडीक गवतांतून एकाएकीं दहा-वीस माना वर होतात. ओसाड वाटणारा माळ एका क्षणांत भरलेला दिसतो.

श्रोतेहो, शिकारी आणि हरीण यांच्या दीर्घ इतिहासांत बंदुकीहून, फांसाहून आणि चित्त्याहूनहि महत्त्वाची अशी एक गोष्ट आहे. ती म्हणजे एकांत. जेथें माणसांची वर्दळ नाहीं तेथें हरीण, आणि असें ठिकाण शोधून काढणें ही शिकाऱ्याची निम्मी विद्या. आज सोलापूरच्या माळावर शिकारीला कायद्यानें बंदी आहे. तरीहि ती जुनी विद्या निरुपयोगी झालेली नाहीं. हरणाला जगण्यासाठीं नेमकें काय लागतें, हें तिच्याइतकें स्पष्ट दुसरें कोणी सांगत नाहीं.

बोलभाषेंत ज्याला सरसकट हरीण म्हणतात तें या माळावरचें जनावर म्हणजे मुख्यतः काळवीट. शास्त्राच्या दृष्टीनें तो सांबर-चितळांच्या कुळांतला नव्हे. सांबर-चितळांच्या नरांचीं शिंगें फांटेदार असून तीं गळून पडतात व पुन्हां नवीं उगवतात. काळविटाचीं शिंगें बिनफांट्याचीं, मळसूत्रासारखीं पिळदार आणि जन्मभर टिकणारीं असतात; मोठ्या नराचीं दोन फुटांपर्यंत भरतात. नर वयांत येतो तसतसा पाठीवर काळा होत जातो. पोट आणि डोळ्यांभोंवतालचें वलय मात्र पांढरें राहतें. मादी पिंगट व बहुधा बिनशिंगी असते.

सांबर रानांत दडतें. काळविटाला रान मानवत नाहीं. त्याचें सारें संरक्षण दोन गोष्टींत आहे: दूरवर पाहणारा डोळा आणि वेग. भरधांव सुटला तर तो तासाला ऐंशी किलोमीटरांच्या आसपास वेग गाठतो. धोका दुरून दिसावा म्हणून त्याला आंखूड गवताचें उघडें मैदान हवें, आणि दिसलेल्या धोक्यापासून निसटण्यास मोकळी जागा हवी. माजाच्या दिवसांत बळकट नर माळाचा एखादा तुकडा आपला म्हणून राखतो आणि ठराविक जागीं लेंड्यांचे ढीग करून आपली हद्द जाहीर करतो. नवजात पाडस पहिले कांहीं दिवस कळपाबरोबर हिंडत नाहीं. तें गवतांत निपचित पडून राहतें आणि आई दूध पाजण्यापुरती त्याच्याकडे येते. माणसाला जो माळ रिकामा दिसतो, तेथें कोणाची हद्द असते आणि कोणाचा पाळणा.

या गोष्टी पुस्तकांत येण्यापूर्वींच ज्यांना तोंडपाठ होत्या ते लोक म्हणजे फांसेपारधी. खुरांचा माग पाहून कळप केव्हां गेला, किती मोठा होता, चरत गेला कीं बुजून गेला, हें ते सांगत. कळपाच्या नेहमींच्या वाटेवर फांसे मांडावयाचे, आणि दोघां-तिघांनीं दुरून, जराहि घाई न करतां, कळप त्या वाटेकडे वळवावयाचा, ही त्यांची रीत. कधीं शिकविलेल्या जनावराच्या आडोशानें पुढें सरकावयाचें. कधीं पाळलेला काळवीट शिंगांना फांस बांधून सोडावयाचा; माळाचा धनी असलेला नर त्याच्याशीं झुंजावयास येई आणि शिंगें अडकून सांपडे. या सर्व युक्त्यांना अट एकच असे: आसपास गलका नको. एखादा आगंतुक धांवत आला कीं सगळ्या दिवसाची मेहनत फुकट जाई.

राजेरजवाड्यांचा थाट निराळा, पण अट तीच. कोल्हापूर संस्थानांत शाहू छत्रपतींच्या काळीं चित्त्यांकडून काळविटांची शिकार करविण्याची परंपरा प्रसिद्ध होती. चित्त्याचे डोळे झांकून त्याला गाडीवरून माळावर नेत. बैलगाडी ही या कामीं फार सोयीची, कारण ती हरणांच्या रोजच्या परिचयाची. शेतकऱ्याच्या गाडीला तीं सहसा बुजत नसत. गाडी सरळ कळपावर न घालतां वळसे घेत जवळ न्यावयाची आणि मग चित्त्याचे डोळे मोकळे करावयाचे. चित्ता अगदीं थोडें अंतर भरवेगानें धांवतो. तेवढ्यांत सावज हातीं लागलें नाहीं तर तो नाद सोडून देतो. कळप आधींच बुजलेला असेल तर जमिनीवर धांवणारा सर्वांत वेगवान प्राणीहि हात हलवीत परत येतो, असाच याचा अर्थ. येथले चित्ते दुर्मिळ झाल्यावर आफ्रिकेंतून चित्ते आणवून ही हौस चालूं ठेवण्यांत आली. आजच्या छत्तीसगडांतील कोरिया संस्थानांत १९४७ सालीं तीन चित्ते मारले गेले, आणि १९५२ सालीं चित्ता भारतांतून नाहींसा झाल्याचें सरकारनें जाहीर केलें. २०२२ सालीं नामिबियांतून चित्ते आणून मध्य प्रदेशांतील कुनोच्या रानांत सोडण्यांत आले. म्हणजे एक प्राणी परत आणावयास सत्तर वर्षें लागलीं.

सोलापुरास रेल्वे पोंचली ती १८६० सालीं. रस्ते वाढले, बंदुका वाढल्या. शहरांजवळचे व छावण्यांजवळचे कळप लवकरच शहाणे झाले. अनोळखी वेषाचा माणूस दिसतांच ते गोळीच्या टप्प्याबाहेर निघून जात. जाणता शिकारी म्हणून वर्दळीपासून लांबचा माळ शोधी आणि शेतकऱ्याच्या गाडीच्या आडोशानें पायीं चाले. तोंवर श्रम ही एक मर्यादा होती. जितकें चालवेल तितकेंच मिळे. पुढें मोटार आली आणि तिनें ही मर्यादाच मोडली. दिवसभराची चाल घटकाभरांत होऊं लागली. रात्रीं दिव्यांच्या प्रकाशांत दिपून उभें राहिलेलें जनावर टिपणें हा पुरुषार्थ ठरला. वाट तुडविण्याचे कष्ट गेले आणि त्यांच्याबरोबर संयमहि गेला.

अगदीं निराळ्या मुलखांत याच प्रश्नाचें एक निराळें उत्तर शोधलें गेलें, तें पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंत रॉकी पर्वताच्या उंच रानांत हरणांची शिकार आजहि कायदेशीर आहे. परवाना, हंगाम आणि जनावरांची संख्या राज्यें ठरवून देतात. तेथील शिकाऱ्यांची मोठी तक्रार असते ती गर्दीची. परंतु ती गर्दी बहुतेक रस्त्याच्या कडेला असते. सरळ चढ, नाहींशी होणारी पाऊलवाट, मध्येंच आडवा येणारा ओढा, एवढ्यानेंच बहुतेक जण मागें फिरतात. म्हणून अनुभवी माणूस आधीं नकाशा उघडतो. वाट कोठें संपते, पाणी कोठें आहे, गर्दीनें हुसकलेलें हरीण कोणत्या खोऱ्यांत उतरेल, हें तो घरीं बसून ताडतो, आणि इतरांच्या पुढें कांहीं मैल पाठीवर ओझें घेऊन चालतो. शिवाय त्याला परतीचा हिशेब करावा लागतो. मारलेल्या जनावराचें खाण्याजोगें मांस रानांत टाकून येणें हा अनेक राज्यांत गुन्हा आहे. जें खांद्यावरून वाहून आणवणार नाहीं, तें मारूं नये, हा तेथला साधा न्याय. १९६४ सालच्या कायद्यानें राखलेल्या निबिड प्रदेशांत मोटारीला मज्जावच आहे. जावयाचें तर पायीं किंवा घोड्यावर. मोटारीनें जी मर्यादा मोडली, ती तेथें कायद्यानें पुन्हां उभी केली.

सोलापूरच्या माळावर हें उत्तर चालण्यासारखें नव्हतें. तेथें चढ नाहीं, खोरें नाहीं, मागें फिरविणारा ओढा नाहीं. गाडी कोठूनहि घालावी आणि कोठेंहि न्यावी. डोंगर आपल्या हरणांना थोडाबहुत आसरा देतो, माळ उघडाच. म्हणून येथें बंदूक अजिबात खालीं ठेवणें हाच मार्ग उरला. मुंबई राज्यानें १९५१ सालीं वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. १९७२ सालच्या केंद्रीय कायद्यानें काळविटाला पहिल्या परिशिष्टांत घालून पूर्ण संरक्षण दिलें. त्याच सुमारास सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनीं नान्नजच्या माळावरील माळढोक पक्ष्याकडे लोकांचें लक्ष वेधलें. १९७९ सालीं माळढोक अभयारण्य जाहीर झालें. मोहोळ तालुक्याचा भागहि त्यांत होता. पाठोपाठ १९८० सालीं कर्जत तालुक्यांत रेहेकुरीचें काळवीट अभयारण्य झालें. त्याचा विस्तार अवघा सवादोन चौरस किलोमीटरांच्या आंत.

कायद्यानें बंदूक थांबविली, आणि काळविटाचे कळप सांवरले. परंतु या यशाची किंमत सर्वांनीं सारखी भरलेली नाहीं. फांसेपारध्यांवर इंग्रजी अमदानींत १८७१ पासूनच्या कायद्यानें जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला होता. अशा जमातींसाठीं सोलापुरास तारेच्या कुंपणाची वसाहत होती. कळपाची वाट ओळखणाऱ्या माणसांना स्वतःच्या वाटेवरून चालण्यास परवानगी लागे. १९५२ सालीं तो कायदा गेला, शिक्का मात्र लोकांच्या मनांतून पुरता गेला नाहीं. शिकार बंद झाली हें योग्यच झालें. परंतु ज्यांचें पोट तिच्यावर होतें त्यांच्या हातीं दुसरें काय दिलें, हा प्रश्न उरतो. माळाचें इतकें ज्ञान दुसऱ्या कोणापाशीं नव्हतें. माळ राखण्याच्या कामीं त्याचा उपयोग करून घेणें हें न्यायाचेंहि आहे आणि शहाणपणाचेंहि.

दुसरी तक्रार शेतकऱ्याची आहे, आणि ती खोटी नाहीं. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ज्वारी महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. तिचे कोंवळे अंकुर हरणांनाहि आवडतात. रात्रभर थंडींत शेत राखून सकाळीं चरलेले तास पाहावयाचे, हा अनुभव ज्याला आहे त्याला शहरांतून दयेचा उपदेश करणें सोपें आहे. पिकाच्या नुकसानीबद्दल सरकारी भरपाई मिळते, पण पंचनामा आणि पैसा यांच्यामध्यें जो काळ जातो तो शेतकऱ्याच्याच अंगावर पडतो. अभयारण्याचा मूळ विस्तार ८,४९६ चौरस किलोमीटर होता आणि त्यांत गांवेंच्या गांवें व खाजगी शेतें आलीं. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनें पडलीं आणि रोष वाढला. पुढें तो विस्तार १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावा लागला.

तेवढ्यांत माळहि बदलत होता. १९८० सालीं भीमेवर उजनीचें धरण पुरें झालें. कालव्याचें पाणी आलें आणि ज्वारीच्या मुलखांत ऊंस उभा राहिला. पाण्यानें कितीएक घरांतलें दारिद्र्य हटलें, तें कोणीहि नाकारूं नये. पण जेथें ऊंस शिरला तेथून गवत गेलें. उरलेल्या 'पडीक' जमिनीवर कोठें रस्ता, कोठें कारखाना, तर कोठें सद्बुद्धीनें लावलेलीं झाडें आलीं. झाड लावणें हें सर्वत्र पुण्यच, अशी समजूत आहे. परंतु काळवीट, माळढोक आणि माळावरचा लांडगा यांच्या दृष्टीनें गवताळ माळावर दाटी करून लावलेलीं झाडें म्हणजे घरांत शिरलेली गर्दीच होय. नान्नजच्या माळावर आज माळढोकाचें दर्शन अतिशय दुर्मिळ झालें आहे, हा इशारा समजावा.

आतां आणखी एक गर्दी आली आहे, आणि ती प्रेमानें आली आहे. सुटीच्या दिवशीं शहरांतल्या गाड्या माळावर येतात. हातांत बंदुकीऐवजीं कॅमेरा असतो, हेतु निर्मळ असतो. परंतु काळविटाला हेतु दिसत नाहीं. त्याला आपल्याकडे येणारी गाडी दिसते. छायाचित्रासाठीं पळविलेला कळप आपलें चरणें टाकून धांवतो, आणि गाडीच्या चाकाला गवतांत निजलेलें पाडस दिसत नाहीं. मागून मोकाट कुत्रीं असतातच.

म्हणून जुन्या शिकाऱ्याचीं पथ्यें आजच्या पाहुण्यानें पाळावींत. पहांटे जावें, थोड्यांनीं जावें, रुळलेली वाट सोडूं नये. मोठ्यानें बोलूं नये. कळप दिसतांच थांबावें आणि जवळ येणें न येणें त्याच्याच मर्जीवर सोडावें. त्यानें मान वर करून टक लावली कीं आपण पुरेसे जवळ आलों आहोंत, असें समजावें. आणि कळपाचा ठिकाणा चारचौघांत गाजवूं नये. पूर्वींचा शिकारी आपला माळ गुप्त ठेवी तो स्वार्थासाठीं. आतां तो हरणांसाठीं ठेवावा.

उन्हें चढतात. माळावरचे नर आपापल्या हद्दींत उभे असतात, माद्या गवतांत बसतात. दूर रस्त्यावरून मोटारींची रीघ पुण्याकडे आणि सोलापूरकडे चाललेली असते, आणि तिच्यांतून पाहणाऱ्याला बाहेर नुसता ओसाड माळ दिसतो. त्याला तसें दिसणें हेंच कळपाच्या दृष्टीनें ठीक आहे. फक्त ज्यांच्या हातीं त्या जमिनीचे कागद आहेत, त्यांनीं तिला रिकामी समजूं नये.