चालत्या पट्ट्यावरची हृदयपरीक्षा
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



हृदय या विषयावर बोलायचे म्हटले की श्रोत्यांना काव्याची अपेक्षा असते. मी मात्र आज छातीतल्या त्या मुठीएवढ्या स्नायूविषयीच बोलणार आहे.

आपल्यापैकी कितीतरी जणींना जिना चढताना धाप लागते, जबडा आवळल्यासारखा होतो, हात भरून येतो, छातीवर कुणी पाटा ठेवला आहे असे वाटते. जरा टेकले की बरे वाटते. मग "पित्त झालं असेल" असे म्हणून आल्याचा तुकडा चघळीत आपण पुन्हा ओट्याशी उभ्या! पुरुषाच्या छातीत दुखले तर सारे घर रिक्षा शोधते. बाईच्या छातीत दुखले तर ती स्वतःच सोडा शोधते. म्हणून हा विषय मी मुद्दाम निवडला.

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते, पण त्याला स्वतःला रक्त मिळते ते वेगळ्या, बारीक रोहिण्यांतून. त्यांच्या भिंतींत चरबीचे थर साचले की वाट अरुंद होते. तरीही बसल्या जागी पुरेल इतके रक्त त्यातून जातेच. चाळीच्या नळाचेच पाहा ना. एकच बिऱ्हाड पाणी भरीत असले तर धार ठीक असते. सगळ्यांनी एकदम नळ सोडले की वरच्या मजल्यावर थेंब येत नाही. म्हणून निजवून काढलेला कार्डिओग्राम चांगला आला तरी तेवढ्यावरून रोहिण्या मोकळ्या आहेत असे म्हणता येत नाही. हृदयाला काम देऊन पाहावे लागते.

कार्डिओग्रामची पद्धत सिद्ध करणाऱ्या हॉलंडच्या आइंथोव्हेन यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. मास्टर यांनी सहकाऱ्यासह दोन पायऱ्या चढण्या-उतरण्याची परीक्षा बसवली. तिला कार्डिओग्रामची जोड पुढे मिळाली. आज सर्वत्र चालते ती पट्ट्यावरची पद्धत सिॲटलच्या डॉ. ब्रूस यांची, १९६३ च्या सुमाराची.

छातीला चिकट चकत्या लावून तारा जोडतात आणि सरकत्या पट्ट्यावर चालायला सांगतात. आरंभी वेग ताशी पावणेतीन किलोमीटर, म्हणजे भाजी घेत चालावे तितकाच; पण पट्टा चढाचा असतो, शंभर फुटांना दहा फूट. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. २२० तून वय वजा करायचे आणि त्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत नाडी न्यायची, असा ढोबळ हिशेब. साठ वर्षांच्या बाईला १३६. मधूनमधून रक्तदाब घेतात. आलेखातल्या उंच शिखरानंतरची रेघ एक मिलिमीटर वा अधिक खाली खचली, आणि तीही आडवी किंवा उतरती, तर हृदयाला रक्त अपुरे पडत असल्याचा संशय घेतात.

संशयच म्हणायचे, निकाल नव्हे. स्त्रियांच्या बाबतीत ही परीक्षा पुष्कळदा फसते. अनेक अभ्यासांची एकत्र छाननी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात रोग असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ६१ जणींचाच रोग या परीक्षेत दिसला, आणि रोग नसलेल्या शंभरांपैकी सुमारे ३० जणींवर नाहक संशय आला. तेव्हा परीक्षा बिघडली म्हणून रडत घरी येऊ नका, आणि चांगली आली तरी त्रास चालूच असेल तर गप्प बसू नका. सोनोग्राफीसारखी हृदयाची एको तपासणी श्रम देऊन करता येते, रोहिण्यांचा सीटी स्कॅन निघतो. हल्ली पुष्कळ ठिकाणी डॉक्टर आधी त्याचाच विचार करतात. गुडघ्यांमुळे चालवत नसेल तर औषधाने हृदयाची गती वाढवूनही पाहता येते.

काही त्रास नसताना केवळ सवलतीच्या 'पॅकेज'मध्ये आहे म्हणून ही परीक्षा करून घेणे मला पसंत नाही. त्यातून नसती काळजी आणि पुढच्या तपासण्यांचा खर्च मात्र पदरात पडतो. तेच पैसे रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल वेळच्या वेळी पाहण्यात घाला.

जायचेच असेल तर पातळ नेसून जाऊ नका. सलवार-कमीज आणि पायात बूट बरे. आधी दोन-तीन तास जेवू नका. नेहमीच्या गोळ्या घ्यायच्या की नाही हे डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने बंद करू नका. तारा लावायला बाई हवी असे सांगायला संकोचू नका. चालताना छातीत दुखले, घेरी आली तर त्या क्षणी बोला. "एवढं मिनिट काढते" ही आपली घरची सवय तिथे नको. ही परीक्षा डॉक्टर हजर असतानाच करतात ती याचसाठी. गंभीर अपघात फार क्वचित होतो, पण होतो.

आणि बसल्या जागी छातीत दुखू लागले, घाम सुटला, थांबेना, तर या परीक्षेचे नावही काढू नका. १०८ ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा.

ज्यांच्यापाशी जुने कार्डिओग्राम असतील त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. नव्याशी ताडून पाहायला तेच लागतात. कुणी आज बरोबर आणले असतील तर चहानंतर मी थांबणार आहे.