‘पडणारच आहे की’ असं म्हणू नका

आज आम्ही बोलणार आहोत मुलांच्या दुधाच्या दाढांबद्दल. विषय लहान वाटेल, पण त्यात आमची स्वतःची एक चूक आहे. ती आधी सांगतो.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी पहिलीत होती. जेवताना एकाच बाजूने चावायची. भाकरी दुधात कुस्करून दिली तरच खायची. खालच्या दाढेत काळा खड्डा दिसत होता. ताईंनी बैठकीत विचारलं, “दाखवून आणू का?” आम्ही साऱ्याजणी एका सुरात म्हणालो, “अगं, दुधाची दाढ ती. पडणारच आहे की! कशाला पैसे घालवतेस?”

ताईंनी आमचं ऐकलं. तीन-चार महिन्यांनी एका रात्री पोरीचा गाल सुजला. सूज जबड्याखाली उतरली, ताप भरला, तोंड उघडेना. तीन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. दाढ काढावी लागली. नवरा-बायको दोघांची मजुरी बुडाली आणि ताईंनी गटाकडून कर्ज घेतलं. त्या कर्जाचा ठराव लिहिताना आमच्या माना खाली होत्या. त्यानंतर आम्ही दातांच्या डॉक्टरांना गाठून नीट विचारून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

दुधाचे दात एकूण २०. त्यातल्या दाढा ८, वर चार आणि खाली चार. आई चौथ्या-पाचव्या महिन्याची गरोदर असते, तेव्हाच या दाढांचं टणक कवच पोटात बनायला लागतं. पहिली दाढ साधारण सव्वा-दीड वर्षाला दिसते, दुसरी दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास. तीन वर्षांचं मूल झालं की बहुतेकांचे वीसही दात आलेले असतात.

आता ‘पडणार’ म्हणजे कधी? पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, म्हणून आपल्याला वाटतं की सगळेच तेव्हा पडतात. पण दुधाच्या दाढा पडतात ९ ते १२ वर्षांच्या दरम्यान. म्हणजे सहा वर्षांच्या पोरीला त्याच दाढांवर अजून चार-पाच वर्षं भाकरी चावायची असते. शिवाय दुधाची दाढ खालून येणाऱ्या पक्क्या दाढेची जागा धरून ठेवते. ती लवकर गेली, तर मागची दाढ पुढे सरकते. मग नव्या दाढेला जागा उरत नाही आणि ती वाकडी येते किंवा आत अडकते.

अजून एक गोष्ट आमच्यातल्या कित्येकींना माहीत नव्हती. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कुठलाही दात पडत नाही, म्हणून आपण तिलाही दुधाचीच समजतो. ती पक्की दाढ असते. ती गेली की पुन्हा येत नाही. तिच्याच शेजारी किडकी दाढ असेल, तर तिलाही धोका.

कीड लागते कशी? तोंडातले जंतू साखरेपासून आंबट रस बनवतात आणि तो दाताचं कवच खातो. दुधाच्या दाताचं कवच पातळ असतं, त्यामुळे कीड नसेपर्यंत लवकर पोचते. चहा-बिस्कीट, गोळ्या, पाच रुपयांची पाकिटं दिवसभर थोडी थोडी खाल्ली, तर दाताला उसंतच मिळत नाही. गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून मूल झोपवणं त्याहून वाईट.

सुरुवातीला हिरडीजवळ खडूसारखा पांढरा पट्टा दिसतो. मग तपकिरी डाग, मग खड्डा. मूल एका बाजूने चावतं, घास गालात धरून ठेवतं, रात्री रडत उठतं. हिरडीवर पुळी येऊन फुटली की दुखणं थांबतं, पण आजार थांबलेला नसतो. पू आतच असतो.

उपचार आहेत, आणि लवकर गेलं तर सोपे आहेत. कीड थोडी असेल, तर एक औषध लावून ती थांबवता येते. त्याने डाग काळा पडतो, पण सुई लागत नाही. खड्डा असेल तर सिमेंट भरतात. कीड नसेपर्यंत गेली असेल, तर नसेवर उपचार करून वर स्टीलची टोपी बसवतात. दाढ पडायची वेळ आली की टोपीसकट पडते. दाढ काढावीच लागली, तर जागा राखायला तार बसवता येते. आमच्या ताईंच्या मुलीला तशीच तार बसवली आहे. नवी दाढ येईपर्यंत ती सांभाळायची.

घरी काय करायचं? पहिला दात आला की ब्रश सुरू. फ्लोराइड असलेली पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. रात्री झोपताना ब्रश आपण स्वतः करायचा, कारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचा हात मागच्या दाढेपर्यंत नीट पोचत नाही. मुलांना मिसरी लावायची नाही. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. दुखऱ्या दाढेत तंबाखूची चिमूट नको, आणि डोकेदुखीची गोळी कुटून हिरडीवर ठेवायची नाही. त्याने हिरडी भाजते.

गालावर सूज, ताप, तोंड न उघडणं किंवा गिळायला त्रास, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. लगेच दवाखाना गाठा.

आणि मैत्रिणींनो, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासायला येतं. त्यात दातही बघतात आणि पुढचे उपचार मोफत आहेत. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. दाढेचं आपणहून सांगा, चिठ्ठी मागून घ्या. अंगणवाडीताई आणि आशाताईंना तारीख विचारून ठेवा.

आज रात्री एवढंच करा. मुलाचं डोकं मांडीवर घ्या, मोबाईलचा उजेड धरा आणि ओठ उचलून दाढा बघा. पुढच्या बैठकीत हप्ता गोळा झाला की एकमेकींना विचारा, कुणाच्या घरी काय दिसलं. आणि कुणी विचारलंच, “दाखवून आणू का?” तर आमच्यासारखं उत्तर देऊ नका. म्हणा, “चल, मी येते सोबत.”