झाकली मूठ कोणाची?



‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही आपली जुनी म्हण. घरची ओढाताण चारचौघांत उघडी करू नये, असा तिचा सल्ला. गरिबाची अब्रू राखायला ती ठीक आहे. पण मुठीतला पैसा दुसऱ्याचा असेल, तर मूठ झाकून ठेवण्याचा हक्क कोणाला?

हिंगोलीच्या माणसाला हैदराबाद परकं नाही. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या एकाच राज्यात होतो. पुढे संगणक शिकलेली आपल्याकडची मुलं नोकरीसाठी तिकडे जाऊ लागली. तिथल्या ‘सत्यम कॉम्प्युटर’चं नाव तेव्हा मोठं होतं, पन्नास हजारांवर माणसं कामाला. मी शब्दांत रमणारा. मला ते नावच आवडायचं.

७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली. ताळेबंदात ५,३६१ कोटी रुपयांची शिल्लक दाखवली होती. त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. एका तिमाहीचा नफा ६४९ कोटी दाखवला, खरा होता ६१ कोटी. त्या एका दिवसात शेअरची तीन चतुर्थांशाहून अधिक किंमत उडाली.

मला याहून बोचते ती दुसरी गोष्ट. सत्यमकडे कागदांची वाण नव्हती. लेखापरीक्षक नामांकित, स्वतंत्र संचालक विद्वान. सप्टेंबर २००८ मध्ये उत्तम कारभाराचा ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कारही मिळाला. तो पुढे काढून घेतला गेला. बँकेच्या ठेवींचे दाखले बनावट होते, पण बँकेकडे थेट चौकशी करून खातरजमा झाली नाही. डिसेंबरात राजू कुटुंबाच्याच दोन ‘मायटास’ कंपन्या विकत घ्यायला संचालकांनी संमती दिली. सत्यमची इंग्रजी अक्षरं उलटी लिहिली की मायटास होतं! गुंतवणूकदार खवळले, म्हणून तो बेत फसला. राखण करणारे गप्प बसले आणि आरडाओरडा झाला तो बाहेरून.

२०१५ मध्ये विशेष न्यायालयाने राजूंसह १० जणांना ७ वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांत दोन लेखापरीक्षक होते. अपिलात त्या शिक्षेला स्थगिती मिळाली. त्याआधी २०१३ च्या नव्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षक ठरावीक मुदतीनंतर बदलणं आणि गैरप्रकाराची खबर देणाऱ्या ‘जागल्या’साठी सोय करणं मोठ्या कंपन्यांना बंधनकारक केलं.

‘ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल’ने २०१६ मध्ये भारत, चीन, ब्राझीलसारख्या उगवत्या बाजारपेठांतल्या १०० बड्या कंपन्यांना गुण दिले. सरासरी निघाली १० पैकी ३.४. भारतीय कंपन्या त्यात वरच्या रांगेत होत्या. समाधान मानू या. पण हे गुण कंपनी काय जाहीर करते याचे आहेत. जाहीर केलेलं खरं आहे का, याचे नाहीत. सत्यमनेही सारं जाहीर केलंच होतं.

आपल्याला याच्याशी काय करायचं, असं वाटेल. सेनगावच्या शिक्षकाचा विम्याचा हप्ता, वसमतच्या कामगाराचा भविष्य निर्वाह निधी, यांतला काही भाग शेअर बाजारातच जातो. त्या मुठीत आपलाही पैसा आहे. माहितीचा अधिकार आपल्याला २००५ मध्ये देशभर मिळाला. तहसीलला प्रश्न विचारता येतो, खासगी कंपनीला तसा थेट विचारता येत नाही. तरी कंपनी निबंधकाकडे ठरलेली फी भरून कोणालाही ताळेबंद पाहता येतो. एका शेअरच्या धन्यालाही वार्षिक सभेत उभं राहून बोलता येतं.

पण बोलायची सवय हवी. आपल्याकडच्या संस्थांच्या सभा मी पाहिल्या आहेत. अहवाल वाचून व्हायच्या आतच मागून ‘मंजूर, मंजूर’चा गजर होतो. दुसऱ्या दिवशी बातमी येते, सभा खेळीमेळीत पार पडली. पतपेढी गावातली असो की कंपनी हैदराबादची, मंजूर म्हणण्याआधी एकाने तरी उठून विचारावं : बँकेत पैसे आहेत म्हणता, त्या बँकेला कोणी विचारलं का?