महाधमनीचे आजार : दोन उपचारमार्गांचा संगम



हृदयातून देहभर रक्त नेणारी मुख्य वाहिनी म्हणजे महाधमनी. हृदयातून वर चढून ती छातीत कमानीसारखी वळते व पाठीच्या कण्यालगत खाली उतरते. मेंदूकडे जाणाऱ्या शाखा या कमानीतूनच फुटतात. उच्च रक्तदाब व तंबाखू यांमुळे तिची भिंत दुबळी होऊन फुगते. कधी आतला पदर फाटून रक्त भिंतीच्या थरांत शिरते.

कमान आणि तिच्या खालचा भाग, दोन्ही बिघडले की पूर्वी दोन मोठ्या शस्त्रक्रिया कराव्या लागत. दुसरीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच काही रुग्ण दगावत. १९८३ मध्ये जर्मन शल्यविशारद हान्स बोर्स्ट यांनी कमान बदलताना कृत्रिम कापडी नळीचे टोक खालच्या धमनीत लोंबते ठेवले. दुसरी शस्त्रक्रिया त्यामुळे सुकर झाली. या युक्तीस ‘हत्तीची सोंड’ असे नाव पडले.

पुढे धातूच्या जाळीचा आधार असलेली कापडी नळी, म्हणजे स्टेंट ग्राफ्ट, जांघेतील धमनीवाटे बसवता येऊ लागली. आज दोन्ही मार्ग एकत्र येतात. छाती उघडून कमान बदलतानाच स्टेंट ग्राफ्ट खाली सोडला जातो. काहींमध्ये मेंदूकडील शाखांना आधी नवी वाट करून देऊन मग जांघेतून नळी नेतात. तरीही पक्षाघाताचा किंवा पाय लुळे पडण्याचा धोका उरतोच. पुढे नियमित स्कॅनही आवश्यक असतात.

हृदयालगतचा पदर फाटल्यास सुरुवातीला दर तासाला मृत्यूचा धोका सुमारे १ ते २ टक्क्यांनी वाढतो. म्हणून छातीत वा पाठीत चिरल्यासारखी अकस्मात कळ आल्यास मंद्रूपच्या कुटुंबाने ती पित्ताची समजून रात्र काढू नये. तत्काळ सोलापूर गाठावे. आणि रक्तदाबाची गोळी बरे वाटते म्हणून कोणीही परस्पर बंद करू नये.