फेरो बेटांवरील फुटबॉलची व्यवस्था

१९४४ साली फेरो बेटांवर फुटबॉलची अजिंक्यपद स्पर्धा भरू शकली नाही. संघ होते, खेळाडू होते, थंडीवाऱ्यात उभे राहून सामने पाहणारी माणसेही होती. नव्हते ते चेंडू. महायुद्धाचा काळ, बेटांवर ब्रिटिश सैन्याचा ताबा, आणि बाहेरून माल येणे दुरापास्त झालेले. चेंडूवाचून स्पर्धा राहिली, ही गोष्ट मी प्रथम वाचली तेव्हा मला हसू आले. पण मग लक्षात आले की, या बेटांवरचा खेळाचा सारा कारभार अशा कोणत्या ना कोणत्या टंचाईतूनच घडत आला आहे.

स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्या दरम्यान, उत्तर अटलांटिक महासागरात हा अठरा बेटांचा समूह आहे. क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या ५४ हजारांच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावाला एक नगरपालिका मिळते. तिथे मात्र स्वतंत्र संसद आहे. बेटे डेन्मार्कच्या राजसत्तेखाली असली तरी १९४८ पासून त्यांना स्वराज्य आहे, आणि फुटबॉलच्या जागतिक संघटनेने १९८८ मध्ये त्यांना वेगळे सदस्यत्व दिले. दोनच वर्षांनी, सप्टेंबर १९९० मध्ये, त्यांनी ऑस्ट्रियाला १-० असे हरवले. तो सामना मात्र स्वीडनमधील लान्सक्रोना येथे खेळावा लागला, कारण नियमात बसेल असे हिरवळीचे एकही मैदान घरी नव्हते! लोकरीची गोंडेदार टोपी घालून उभा असलेला त्यांचा गोलरक्षक त्या दिवशी साऱ्या युरोपने पाहिला. पुढे तोफ्तिर या गावी डोंगराचा खडक फोडून मैदान केले गेले.

पण मला आज सांगायचे आहे ते त्या एका विजयाबद्दल नव्हे, तर वर्षानुवर्षे चालणाऱ्या साखळी स्पर्धेच्या रचनेबद्दल. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला सामन्यापेक्षा नियमावलीच अधिक रंजक वाटावी, हा कदाचित आमच्या जातीचा दोष असेल.

स्पर्धा १९४२ मध्ये सुरू झाली. पहिले अजिंक्यपद उत्तरेकडील क्लाक्सविक गावाने मिळवले. संघांच्या बढतीची आणि घसरणीची पद्धत १९७६ मध्ये आली. आज वरच्या श्रेणीत दहा संघ आहेत. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा, एकदा आपल्या आणि एकदा त्याच्या मैदानावर, खेळावे ही जगाची रीत. त्या हिशेबाने प्रत्येकाच्या वाट्याला अठरा सामने येतात. मार्च ते ऑक्टोबर हा तिथला खेळाचा हंगाम. हिवाळ्यात दिवस इतका आखूड आणि वादळे अशी की, खेळ शक्यच नाही. एवढ्या महिन्यांना अठरा सामने पुरत नाहीत. संघ वाढवावेत, तर तोडीचे खेळाडू आणायचे कोठून? तेव्हा २००५ पासून तोड काढली ती अशी: प्रत्येकाने प्रत्येकाशी तीनदा खेळायचे. सामने झाले सत्तावीस. आता सत्तावीसचे दोन सारखे भाग होत नाहीत. म्हणून कोणाला घरच्या मैदानावर चौदा सामने मिळतात, कोणाला तेरा. थोडा अन्याय होतो खरा, पण तो उघड आहे आणि सर्वांना आधीच ठाऊक आहे.

त्याहून मौजेची व्यवस्था खालच्या श्रेणींत आहे. शेवटचे दोन संघ खाली जातात, खालचे दोन वर येतात. पण खालच्या श्रेणी भरायला पुरेसे क्लबच नाहीत! म्हणून वरच्याच क्लबांचे दुसरे, तिसरे संघ तिथे खेळतात. एकाच घरातला थोरला वर, धाकटा खाली. धाकट्याने खालची श्रेणी जिंकली तरी त्याला वर येता येत नाही; त्याच्या मागच्या, स्वतंत्र क्लबाच्या संघाला बढती मिळते. आणि थोरलाच घसरून खाली आला, तर धाकट्याने जागा सोडून आणखी एक पायरी उतरायची. घरचा मान राखण्याचा हा नियम आपल्याकडच्या एखाद्या आजीने केला असावा असे वाटते.

खरा पेच मात्र गावांच्या नावाचा आहे. माझ्या नोकरीच्या आरंभी दोन वाड्यांची मिळून एक गट-ग्रामपंचायत करायची होती. रस्ता, विहीर, शाळा, सगळ्यांवर एकमत झाले. फलकावर कोणाचे नाव आधी, यावर बैठक मोडली. फेरो बेटांवर हाच प्रश्न फुटबॉलच्या निमित्ताने पुनःपुन्हा उभा राहिला आहे. एकट्या गावाचा संघ टिकत नाही, आणि दुसऱ्या गावाशी मिळून केलेला संघ आपला वाटत नाही. गोता आणि लेरविक या शेजाऱ्यांनी २००८ मध्ये दोन्ही नावे सोडली आणि ‘व्हीकिंगुर’ हे तिसरेच नाव घेतले. गोताचा जुना क्लब अनेकदा अजिंक्य ठरलेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या त्यागाचे मोल कळते.

दक्षिणेकडील सुदुरोय बेटावर हे जमले नाही. हे बेट राजधानी तोर्शाव्नपासून बोटीने दोन तासांवर. वस्ती पाच हजारांच्या आतबाहेर. इतर मोठी बेटे पुलांनी आणि समुद्राखालच्या बोगद्यांनी जोडली गेली, हे मात्र बोटीवरच अवलंबून राहिले. तिथल्या त्वोरोयरी गावचा क्लब १८९२ चा, साऱ्या बेटांत सर्वांत जुना. २०१७ च्या हंगामासाठी बेटावरचे तीन क्लब एकत्र आले, पण नाव कोणी सोडले नाही. तिन्ही नावे तिरप्या रेघांनी जोडून एक लांबलचक नाव झाले. वर्ष सरले आणि एकत्र कुटुंब विभक्त झाले. जुना क्लब पुन्हा आपल्या जुन्या नावाने मैदानात उतरला. व्यवहार पाहता ते चुकले असतील. पण त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

आता या जुळवून आणलेल्या समतोलावर बाहेरून भार येत आहे. २०२३ मध्ये पाच हजार वस्तीच्या क्लाक्सविकने हंगेरीच्या अजिंक्य फेरेन्त्सवारोश संघाला त्याच्याच मैदानावर ३-० असे हरवले, आणि पुढे युरोपातील तिसऱ्या प्रतीच्या स्पर्धेच्या गटफेरीत प्रवेश मिळवला. संघातले अनेक जण नोकरी-व्यवसाय सांभाळून खेळणारे. गटफेरी गाठण्याचेच मानधन जवळजवळ तीस लाख युरो होते. दहा गावांच्या स्पर्धेत एकाच गावाच्या तिजोरीत एवढी रक्कम पडली, तर उरलेल्या नवांनी त्याच्याशी वर्षातून तीनदा कशाच्या बळावर खेळायचे? क्लाक्सविकने २०२१, २०२२ आणि २०२३ असे लागोपाठ तीनदा अजिंक्यपद घेतले.

आणि टंचाई त्यांनाही सुटली नव्हती. त्या गटफेरीचे घरचे सामने त्यांना आपल्या गावी खेळता आले नाहीत, तोर्शाव्नच्या राष्ट्रीय मैदानावर जावे लागले. समुद्राखालचे दोन बोगदे पार करून गाव तिकडे लोटला. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, अजिंक्यपद मात्र क्लाक्सविकला मिळाले नाही. ते नेले व्हीकिंगुरने, आपापली नावे सोडून एक झालेल्या त्या दोन गावांनी.