हाड जुळवायचं ते मूत्राशयासाठी





ब्लॅडर एक्स्ट्रॉफी घेऊन जन्मलेल्या बाळाचं मूत्राशय पोटाच्या भिंतीबाहेर उघडं असतं. सगळ्यांची नजर तिथेच खिळते. पण त्याच बाळाच्या पेल्व्हिसची पुढची दोन्ही प्युबिक हाडंही एकमेकांपासून फाकलेली असतात. जन्मतः हे अंतर साधारण ४ सेंटिमीटर असतं आणि उपचार न झाल्यास दहाव्या वर्षापर्यंत ८ सेंटिमीटरवर जातं. पॉल स्पॉन्सेलर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये सीटी स्कॅनवरून मोजमापं मांडली. पेल्व्हिसचा मागचा भाग दोन्ही बाजूंना सरासरी १२ अंश, पुढचा १८ अंश बाहेर वळलेला आणि पुढची हाडं सुमारे ३० टक्के आखूड.

एवढं असूनही ही मुलं चालतात. सुरुवातीला पावलं बाहेर टाकतात, पुढे चाल सुधारते. मग हाड कापायचं कशाला? चौकटच फाकलेली असेल तर दार कितीही ओढलं तरी लागत नाही. मूत्राशय आणि पोटाची भिंत ताणून शिवली की जखम उसवते. मूत्राशय आत घेऊन पोट मिटवण्याची ही पहिली शस्त्रक्रिया, म्हणजे पहिलं क्लोजर, फसलं की लघवीवर ताबा येण्याची शक्यता घटते. ऑस्टिओटॉमीचं, म्हणजे हाड कापून वळवण्याचं, पहिलं काम हा ताण उतरवणं हेच आहे.

एकोणिसाव्या शतकात ट्रेंडेलेनबर्ग यांनी हाड न कापता मागचे सॅक्रोइलियाक सांधे सैल करून पेल्व्हिस मिटवण्याचा प्रयत्न केला. १९५८ मध्ये शुल्ट्झ यांनी दोन्ही इलियाक हाडं मागून कापण्याची पद्धत मांडली. त्यात बाळाला आधी पालथं, मग उताणं करावं लागे. पुढून केलेल्या ऑस्टिओटॉमीने ती उलथापालथ टळली आणि पिना घालून एक्स्टर्नल फिक्सेटर लावणंही सोपं झालं.

अर्थात, प्रत्येक बाळाचं हाड कापावं लागत नाही. पहिल्या ७२ तासांत पेल्व्हिस लवचिक असते. अंतर कमी असेल तर ती हातांनी मिटते. उशिरा आलेलं बाळ, मोठं अंतर, फसलेलं क्लोजर किंवा क्लोएकल एक्स्ट्रॉफी असेल तर मात्र ऑस्टिओटॉमीचा विचार करावाच लागतो. मेलबर्नच्या जस्टिन केली यांनी पेल्व्हिक स्नायू हाडापासून मोकळे करून ऑस्टिओटॉमीविना मार्ग दाखवला, हेही आपण अस्थिशल्यविशारदांनी मोकळेपणाने मान्य करायला हवं.

आपल्याला खुपणारी गोष्ट वेगळीच आहे. काही वर्षांनी एक्स-रे काढला तर जुळवलेली हाडं पुन्हा दूर गेलेली दिसतात. मूल वाढतं, आखूड हाडं त्या प्रमाणात वाढत नाहीत. हे अपयश समजू नका. जखम टिकली आणि मूत्राशय आत राहिलं, तर हाडाने आपलं काम केलं.

म्हणून दोन आग्रह. एक, बालशल्यविशारद आणि अस्थिशल्यविशारद यांनी पहिल्याच क्लोजरचा बेत एकत्र आखावा; फसल्यावर बोलावणं पाठवू नये. अहमदाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये २००९ पासून देशी-परदेशी शल्यविशारद एकत्र येऊन ही शस्त्रक्रिया करत आहेत. हे आपल्याही आवाक्यात आहे. दोन, नंतरचे चार ते सहा आठवडे ट्रॅक्शन, पिनांची निगा आणि फेमोरल नर्व्हवर लक्ष ठेवण्याची सोय जिथे नाही, तिथे हाताला खुमखुमी आली तरी सुरी उचलू नये. बाळाला योग्य केंद्रात पाठवावं. तशी केंद्रं कोणती, याची यादी या अधिवेशनातच ठरवूया.