औक्षवंत हो!

(दहावी १९८५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



दिवाळी नुकतीच झाली आहे. घरोघरी फराळाचे डबे आता तळाला आले असतील आणि चिवड्यातले काजू-खोबरं कोणीतरी आधीच वेचून खाल्लं असेल. अशा वेळी संयोजकांनी मला ‘घरचा सण, घरचा वारसा’ या विषयावर पंधरा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत तिसऱ्या मिनिटाला घंटा व्हायची. आज पंधरा मिनिटं मिळाली, ही चाळीस वर्षांतली प्रगती म्हणायची.

देवरुखातली आपली दिवाळी आठवायला कोणाला फार ताण द्यावा लागणार नाही. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर संपला, की मुलं घरी जाऊन दप्तर कोनाड्यात टाकायची आणि थेट मातीला हात घालायची. तांबडी माती, जांभ्याचे तुकडे आणि कोणाच्या तरी पडवीतून आणलेलं गोणपाट, एवढ्यावर किल्ला उभा राहायचा. वर मोहरी पेरायची, रोज पाणी शिंपडायचं आणि कोंब आले का ते दिवसातून दहा वेळा बघायचं. बाजारातून आणलेले शिवाजी महाराज किल्ल्याच्या दरवाजापेक्षा मोठे असायचे. त्यात कोणालाच काही चुकीचं वाटायचं नाही. चित्रकलेच्या सरांनी बांबूच्या काड्यांचा आकाशकंदील शिकवला होता. पतंगाचा कागद आणि गव्हाच्या पिठाची खळ एवढंच सामान. ती खळ वाळली, की कागद कसा ढोलकीसारखा ताणला जायचा, ते आजही माझ्या बोटांना आठवतं.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यातले अकरा आपल्या महाराष्ट्रातले आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. बातमी वाचून ऊर भरून आला. मग मनात आलं, किल्ल्यांच्या वारशाची नोंद झाली, पण घरातल्या वारशाची नोंद कोण ठेवणार? आणि घरातला वारसा म्हणजे नेमकं काय?

आमच्या घरापुरतं सांगते. नरकचतुर्दशीला पहाटे चारला आई उठवायची. तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडायचं, त्याची कडू बी जिभेला लावायची आणि तोंड वाकडं करत न्हाणीघराकडे पळायचं. चुलीवर पाणी तापलेलं असायचं. रेडिओवर कीर्तन चालू असायचं. आंघोळ झाली, की पोहे. गोडे पोहे, ताकातले पोहे, दडपे पोहे, बटाट्याचे पोहे. शेजारच्या चार घरी जाऊन पुन्हा तेच पोहे खायचे आणि प्रत्येक घरी सांगायचं की तुमचे जास्त छान झालेत.

आईचं फराळाचं माप म्हणजे कान तुटलेला एक चहाचा कप. चकलीच्या भाजणीला चार कप तांदूळ, दोन कप हरभऱ्याची डाळ, एक कप उडदाची आणि अर्धा मुगाची. धणे-जिरे अंदाजाने. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं. तुपात सोडलेला अनारसा विरघळून पसरला, की आई म्हणायची, ‘हसला गं बाई!’ आणि तो हसलेला अनारसा आम्हा मुलांच्या वाट्याला यायचा. म्हणून अनारसे हसावेत, अशी आमची मनापासून इच्छा असायची. माझ्या भाचीने गेल्या वर्षी तो कप वजनकाट्यावर ठेवला आणि सगळी मापं ग्रॅममध्ये लिहून काढली. कप फुटला तरी आता भाजणी बिघडणार नाही.

हा झाला वारशाचा सोपा भाग. आज मला बोलायचं आहे ते थोड्या अवघड भागाबद्दल. माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांना यातलं अर्धं माहीत आहे, कारण त्यात तेही होते.

१९८२ साली, आपण आठवीत असताना, श्रावणात माझे बाबा गेले. आई तेव्हा अडतीस वर्षांची होती. ज्या घरात असं दुःख झालेलं असतं, तिथे त्या वर्षी सण करत नाहीत, फराळाची कढई चढत नाही. आमच्याकडेही चढली नाही. पण धनत्रयोदशीच्या संध्याकाळपासून डबे यायला लागले. तुमच्या घरून आले ते. कोणाच्या आईने करंज्या दिल्या, कोणाच्या आजीने कडबोळी. एका मैत्रिणीच्या घरी आमच्यापेक्षाही ओढाताण होती. तिच्या आईने वाटीभर रव्याचे लाडू फडक्यात बांधून पाठवले होते. मोजले तर पाच निघाले. तो डबा घेऊन आलेली मैत्रीण आज समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला ते आठवत असेल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात मात्र दर दिवाळीला त्या पाच लाडवांची आठवण निघते. सुतक असलेल्या घरात गोडधोड शेजाऱ्यांनी पोचवायचं, ही रीत ज्याने कोणी घातली, त्याला माणूस कळला होता.

पण त्याच परंपरेत दुसरीही एक रीत होती. पुढच्या वर्षी आमच्याकडे पुन्हा दिवाळी झाली. आई नेहमीसारखी चारला उठली. पाणी तापवलं, उटणं कालवलं, सगळ्यांच्या डोक्यावर तेल थापलं. मग ओवाळायची वेळ झाली आणि आई मागच्या दाराने विहिरीवर गेली. तबक काकूंच्या हातात गेलं. कोणी आईला जा म्हटलं नव्हतं. म्हणावं लागतच नव्हतं. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. मंगळागौरीला, डोहाळजेवणाला तिने स्वयंपाक करायचा, पण ओटी भरायची नाही. ज्या हातांच्या चकल्या सगळ्यांना चालत होत्या, त्या हातांचं कुंकू चालत नव्हतं. असं सोळा वर्षं चाललं.

१९९८ मध्ये माझ्या भावाचं लग्न झालं. वहिनीच्या पहिल्या दिवाळीला घर माणसांनी भरलेलं होतं. आंघोळी झाल्या, पाट मांडले, रांगोळी काढली. निरांजन लावलं आणि वहिनीने ते तबक उचलून विहिरीवर नेलं. आई कपडे पिळत होती. वहिनी एवढंच म्हणाली, ‘आई, मला या घरात पहिलं कुंकू तुमच्या हातचं हवंय.’

आई नको म्हणाली. लोक काय म्हणतील, असंही म्हणाली. आमच्या थोरल्या आत्या ओसरीवर होत्या. त्या उठून आत गेल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. दादाने काही भाषण केलं नाही. तो फक्त पाटावर जाऊन बसला आणि आई येईपर्यंत उठला नाही. पाणी निवलं, पोहे निवले. शेवटी आई पदराला हात पुसत आली. तिचा हात थरथरत होता, त्यामुळे दादाच्या कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत आलं. ‘औक्षवंत हो’ म्हणाली.

मग वहिनी पाटावर बसली. रिवाजाप्रमाणे तिला ‘अखंड सौभाग्यवती भव’ म्हणायचं. आई थांबली. तिने तो आशीर्वाद स्वतः कितीदा घेतला होता आणि त्याचं काय झालं, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. तिने अक्षता टाकल्या आणि म्हणाली, ‘तूही औक्षवंत हो.’

मित्रमैत्रिणींनो, औक्ष म्हणजे आयुष्य. त्या दिवसापर्यंत ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, आणि तुमच्याही घरी पडताळून बघा. आपण मुलाला म्हणतो औक्षवंत हो, आणि मुलीला म्हणतो सौभाग्यवती हो. म्हणजे दोन्ही वेळा आयुष्य मागितलं जातं ते पुरुषाचं. भाऊबीजेला भावाचं, पाडव्याला नवऱ्याचं. बाईने स्वतः खूप जगावं, असं तिला सणाच्या दिवशी म्हणणारं कोणी नाही. माझी आई सातवी शिकलेली. तिने एका शब्दात ती उणीव भरून काढली.

आत्या पुढची दोन वर्षं दिवाळीला आल्या नाहीत. आईने दोन्ही वर्षं त्यांचा डबा एसटीने पाठवला. तिसऱ्या वर्षी वसुबारसेला त्या स्वतःच पिशवी घेऊन आल्या आणि आल्या आल्या चकल्यांचा सोऱ्या हातात घेतला. त्या विषयावर कोणी बोललं नाही. नरकचतुर्दशीला आईने ओवाळलं, तेव्हा त्या तिथेच बसून होत्या. घरातले मोठे बदल असेच होतात. ठराव होत नाही, आभारप्रदर्शनही होत नाही.

पण ठराव होतात तेही चांगलंच. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढून घेणं या प्रथा आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढे तो कित्ता ठेवला. आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्याला तर हे नवं नाही. मुरुडच्या महर्षी कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, म्हणून त्यांच्याच गावाने त्यांना वाळीत टाकलं. १८९६ मध्ये त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं. असं औक्ष मोठं असलं, की माणसाला वाळीत टाकणाऱ्यांची नातवंडं आपल्या सत्काराला आलेली बघायला मिळतात!

आता आपल्याविषयी. आपण सगळे पंचावन्न-छप्पन्नचे झालो. शाळेतल्या पटावर आपण विद्यार्थी होतो, पण घरात आता आपणच वडीलधारे आहोत. पाटावर कोण बसणार, तबक कोणाच्या हातात जाणार, हे आता आपण ठरवतो. आपल्या वर्गातल्या काही मैत्रिणींचे जोडीदार आज नाहीत. काही मित्रांच्या पत्नी नाहीत. आणि मित्रांना मात्र कोणी ओवाळणीच्या वेळी मागच्या दाराने जायला सांगितलेलं नाही. एवढा एकच फरक लक्षात घेतला, तरी पुढचं काही समजावून सांगावं लागणार नाही.

आमच्याकडे आता भाऊबीजेला मी दादाला ओवाळते आणि मग दादा मला ओवाळतो. पहिल्या वर्षी त्याने तबक उलट्या दिशेने फिरवलं आणि नातवंडं हसून लोळली. आता सराईत झाला आहे. ओवाळणी मात्र अजून तोच देतो. त्या बाबतीत मी परंपरेला सोडलेलं नाही.

तुमच्यापैकी काही जण परदेशात आहेत, काही मुंबई-पुण्यात. फराळ विकत मिळतो, मिळू द्या. सगळ्यांना भाजणी भाजायला वेळ नाही आणि त्यात कमीपणाही नाही. एकच विनंती आहे. पुढच्या मेळाव्यापर्यंत आपल्या घरची एक गोष्ट लिहून काढा. आजीच्या एखाद्या पदार्थाचं माप असेल, रांगोळीचा घरचा आकार असेल, एखादा आशीर्वाद असेल. आणि घरातली अशी एक रीत शोधा, की जिच्यामुळे कोणीतरी विहिरीवर जाऊन उभं राहतं. पहिली जपा. दुसरी या दिवाळीपासून सोडून द्या. दोन्हींचा मिळून वारसा होतो.

माझी आई आता एक्क्याऐंशी वर्षांची आहे. मघाशी चहाबरोबर तुम्ही जी कडबोळी खाल्लीत, ती तिच्या देखरेखीखाली झालेली आहेत. वळायला आम्ही, चुका काढायला ती. येताना तिला विचारलं, शाळेतल्यांना काही निरोप? म्हणाली, ‘त्या वेळचे डबे परत द्यायचे राहिलेत का, तेवढं विचार.’ तर ज्यांचे राहिले असतील त्यांनी बाहेर मला भेटावं.

शेवटी समोर बसलेल्या सरांना आणि बाईंना सांगते. निकालाच्या दिवशी आम्ही रांगेने तुमच्या पाया पडलो होतो. मुलगा असो की मुलगी, पहिल्या नंबरात आलेला असो की कसाबसा पास झालेला, तुम्ही सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवून एकच म्हणालात, ‘मोठे व्हा.’ आशीर्वाद कसा सारखा वाटायचा, हे आम्ही तिथे शिकलो. आज पुन्हा वाकून नमस्कार करते.

आणि तुम्हा सगळ्या मित्रमैत्रिणींना, माझ्या आईच्या शब्दांत: औक्षवंत व्हा.